शेकोटीपाशी वाचलेली पाने

हिवाळा हा ऋतू आम्हाला लहानपणापासून थोडा कोड्यात टाकत आला आहे. उन्हाळ्यात माणसे अंगणात झोपतात, पावसाळ्यात पडवीत बसून पागोळ्या मोजतात. हिवाळा मात्र एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी सांगतो. दार लावून घे, म्हणतो; आणि बाहेर शेकोटी पेटली आहे, चार माणसांत येऊन बस, असेही म्हणतो. दाराआड गोधडीत गुरफटलेला माणूस आणि शेकोटीपाशी हात शेकत बसलेला माणूस यांच्यात जे थोडेसे अंतर असते, ते कधीकधी फार मोठे असू शकते. हे आम्हाला पुस्तकांनी शिकवले नाही. ते आम्ही भोर तालुक्यातील उत्रोली या गावी, काही तरुण मुलामुलींकडून शिकलो. वाचकहो, तीच हकिगत आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

२०२३ सालचा डिसेंबर होता. आमच्या परिचयाच्या एक प्राध्यापिका आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहतात. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ही योजना सुरू झाली. तेव्हापासून दर हिवाळ्यात हजारो विद्यार्थी सात दिवस कोणत्या ना कोणत्या खेड्यात मुक्काम करतात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शेकोटी आणि गाणी असा तो परिपाठ असतो. त्या वर्षी त्यांचे शिबिर उत्रोलीला होते. "युवकांचे भावविश्व या विषयावर तुम्ही तासभर बोला," अशी त्यांनी आम्हाला गळ घातली. आम्हीही लगेच होकार दिला. बोलणे हा आमचा व्यवसायच आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून जी वर्षे गेली, त्यांत बोलायला भरपूर शिकवले गेले. ऐकायला शिकवण्याची सोय मात्र तेव्हा फारशी नव्हती.

पुण्याहून निघून कापूरहोळला महामार्ग सोडला आणि भोरच्या वाटेला लागलो, तशी हवा बदलली. हा सारा मुलूख सह्याद्रीच्या कुशीतला. रायरेश्वर, रोहिडा, पलीकडे वेल्ह्याच्या अंगाला राजगड आणि तोरणा. रात्री डोंगरउतारांवरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखीच खाली खोऱ्यात उतरते. म्हणून पहाटे माथ्यावर जितकी थंडी, त्याहून अधिक थंडी नदीकाठच्या गावांत असते. भाताची कापणी आणि झोडणी उरकली होती. खाचरांत भाताचे बुडखे उरले होते आणि त्यांवर दंव पडले होते. घरांशेजारी पेंढ्याच्या गंजी रचलेल्या होत्या. कुठे हरभरा उगवून वर आला होता, तर कुठे कुंपणावर पावटा फुलला होता. नीरेवर धुके असे पसरले होते, की नदी आहे हे ऐकूनच ओळखावे.

या खोऱ्याची एक जुनी रीत आहे. ते आपल्याजवळचे खाली पाठवीत असते. वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. पुढे नीरेवर देवघरचे धरण झाले. हे पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. पाण्यामागोमाग आता मुलेही जातात. कुणी शिरवळच्या कारखान्यात, कुणी खेड-शिवापूरला, कुणी पुण्यात एखाद्या खोलीत सहा जणांबरोबर. घरी राहतात ते आईबाप, गुरे आणि डिसेंबरची थंडी.

शिबिर शाळेच्या इमारतीत होते. मुलांनी सकाळी ओढ्यावर पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालायला घेतला होता. हातांना फोड, केसांत धूळ, पण चेहरे प्रसन्न. यांतील बहुतेकांनी आजवर पाद्री पाहिला नव्हता. एकाने अगदी आदराने विचारले, "तुम्ही लग्नं लावता, मग पत्रिका बघता का?" आम्ही म्हणालो, "पत्रिका बघत नाही, पण नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात का, ते बघतो." मुले हसली आणि आमचा परका झगा त्या हशात थोडा जवळचा झाला.

आम्ही व्याख्यानाची टिपणे काढून आणली होती. क्रोध, भय, मत्सर, प्रेम अशी क्रमवार मांडणी, मध्ये दोन दृष्टांत, शेवटी उपदेश. उभे राहून समोर पाहिले, तर पन्नासएक मुले दमून भिंतींना टेकली होती. आदल्या दिवशीच्या वक्त्यानेही त्यांना जीवन कसे जगावे ते सांगितले होते आणि त्याच्या आदल्या दिवशीच्यानेही. आम्हाला आमचीच लाज वाटली. टिपणे बाजूला ठेवून आम्ही बाईंना कोरे कागद मागितले आणि मुलांना म्हणालो, "आज तुम्हीच बोला, पण लिहून. 'हिवाळा आणि मी' एवढाच विषय. नाव घालू नका. रात्री शेकोटीपाशी आम्ही ही पाने वाचू. ज्याला वाटेल की आपले पान चारचौघांत वाचू नये, त्याने कागदाचा कोपरा दुमडावा. ते आम्ही एकटेच वाचू."

अर्धा तास त्या वर्गात फक्त लेखण्यांचा आवाज होता. सत्तेचाळीस पाने जमली. अकरांचे कोपरे दुमडलेले होते.

रात्री जेवणे उरकली. पिठले-भाकरी होती आणि वर गुळाचा चहा. शेकोटी पेटली आणि आम्ही एकेक पान ज्वाळांच्या उजेडात धरून वाचू लागलो. आपल्या घरातील मुले काय विचार करतात, हे आपल्याला ठाऊक आहे असे आपण समजतो. वाचकहो, त्यांतील काही पाने जशी आठवतात तशी सांगतो.

एका मुलीने लिहिले होते की वसतिगृहात गरम पाणी पहिल्या दहा जणींनाच मिळते, म्हणून ती साडेचारला उठते. उठली की तिला आई आठवते. आईच्या टाचांना हिवाळ्यात भेगा पडतात, रक्त येते. पहिल्या शिष्यवृत्तीच्या पैशातून तिने आईसाठी मलमाची डबी नेली. सुटीत गेली तेव्हा डबी तशीच, न उघडलेली. आई म्हणाली, "तुझ्या लग्नात लावीन, पाहुण्यांसमोर टाचा बऱ्या दिसायला पाहिजेत." मुलीने शेवटी लिहिले होते, 'मला रडू आले नाही, राग आला. तो कुणाचा आला ते मला अजून कळलेले नाही.'

एका मुलाचे पान वडिलांविषयी होते. शेतीपंपाची वीज पाळीने येई. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की वडील मध्यरात्री उठत, कानाला मफलर गुंडाळत, विजेरी घेत आणि गव्हाला पाणी द्यायला जात. 'मी जागा असतो,' त्याने लिहिले होते, 'पण गोधडीत झोपल्याचे सोंग घेतो. त्यांनाही ते माहीत आहे, असे मला वाटते. ते जाताना माझी गोधडी नीट करून जातात.' हे वाचून झाल्यावर शेकोटीभोवती कुणी काही बोलले नाही. एक लाकूड तडकले, तेवढेच.

सगळीच पाने अशी जड नव्हती. एका वीराने लिहिले होते की थंडीत त्याला कविता सुचतात आणि ऊन पडले की जातात. ज्या मुलीसाठी सुचतात तिला ऊनच आवडते, म्हणून प्रकरण पुढे सरकत नाही. यावर जो हशा पिकला, त्यात एक मुलगी सोडून सगळ्या हसल्या, असे बाईंनी आम्हाला नंतर सांगितले.

विज्ञानशाखेच्या एका विद्यार्थ्याचे पान आम्ही जपून ठेवले आहे. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा त्याने वर्षभर वहीत टिपून ठेवल्या होत्या. त्याचे म्हणणे असे की २२ डिसेंबरला सर्वांत लहान दिवस असतो हे खरे, पण संध्याकाळ मात्र त्याच्या महिनाभर आधीपासूनच लांबू लागलेली असते. आपल्याकडे सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होतो, सहाला दोन-तीन मिनिटे कमी असताना. पुढे तो हळूहळू उशिरा होत जातो. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत मागेमागेच पडत राहतो, सात वाजून सात-आठ मिनिटांपर्यंत. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची किंचित लंबवर्तुळाकार कक्षा या दोहोंमुळे खरी मध्यान्ह रोज थोडी पुढे सरकते, असे कारणही त्याने दिले होते. खाली लिहिले होते, 'म्हणजे सकाळ बिघडत असतानाच संध्याकाळ सुधारत असते. पण पहाटे कंपनीच्या बससाठी उभ्या राहणाऱ्या माझ्या भावाला हे पटत नाही, कारण त्याला फक्त सकाळच दिसते.' इतकी वर्षे प्रवचने करूनही आम्हाला असा दृष्टांत सुचलेला नाही.

काळोखाचा आणि मनाचा संबंध असतो, हे आता शास्त्रानेही मान्य केले आहे. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेत हिवाळ्याबरोबर येणाऱ्या आणि वसंताबरोबर ओसरणाऱ्या खिन्नतेचे वर्णन केले. पण उत्तरेकडील देशांत हिवाळ्याचा दिवस सहा-सात तासांवर येतो. भोरच्या अक्षांशावर तो अकरा तासांच्या खाली जात नाही, आणि उन्हाळ्यातला दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. तेव्हा आपल्या मुलांच्या मनावरील मळभाचे खापर सूर्यावर फोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्याकडे हिवाळा दुःख आणीत नाही. दार लावून घ्यायला निमित्त तेवढे देतो.

शेकोटी आणि लेखन यांवरून त्या रात्री आम्हाला लिझ्यूच्या संत तेरेजाची आठवण झाली. तिचे आत्मचरित्रही एका शेकोटीपाशीच सुरू झाले, असे म्हणता येईल. १८९४-९५ च्या हिवाळ्यात, मठातील एकमेव उबदार खोलीत बसून ती आपल्या सख्ख्या बहिणींना लहानपणच्या गोष्टी सांगत होती. त्या लिहून काढाव्यात, असे थोरल्या बहिणीने सुचवले. मठाधिपती असलेल्या दुसऱ्या बहिणीने तशी आज्ञा केली आणि बावीस वर्षांच्या त्या तरुणीने जानेवारी १८९५ पासून वह्या लिहायला घेतल्या. त्यात चमत्कारांवर फारसा भर नाही. धुणे, झोप, चिडचिड, एका भगिनीचा असह्य होणारा सहवास, अशा रोजच्या गोष्टी आहेत. २४ व्या वर्षी, ३० सप्टेंबर १८९७ रोजी, ती क्षयाने गेली. वर्षभराने वह्या छापल्या गेल्या आणि १९९७ साली धर्मसभेने तिला आचार्यपद दिले. परंतु तिच्या चरित्रातील एक तपशील आपण प्रवचनांत घाईने ओलांडतो. मठातील सर्व कष्टांत तिला सर्वाधिक छळले ते थंडीने, आणि हे तिने जवळजवळ अखेरपर्यंत कुणालाही सांगितले नाही. तिने आधी सांगितले असते, तर पांघरूण देणारे हात तेथे होते. मुकाट सहन करणे हा सद्गुण आहे, असे आम्ही कित्येक वर्षे शिकवीत आलो. आता आम्हाला तसे शिकवताना भीती वाटते.

ती भीती का वाटते, ते आता सांगावेच लागेल.

वाचन संपले, मुले गाण्यांकडे वळली. आम्ही दुमडलेल्या कोपऱ्यांची अकरा पाने घेऊन वर्गात गेलो. दहा पाने साधी होती. प्रेमभंग, घरातली दारू, एका मैत्रिणीशी झालेले भांडण. साधी म्हणजे त्यांच्या लेखी साधी नव्हे. पण वाटेवरची होती. अकरावे पान सहा ओळींचे होते. घरी पहिल्या सत्राची परीक्षा चांगली गेली असे सांगितले आहे. प्रत्यक्षात मी परीक्षेला बसलोच नाही. फीचे पैसे संपले, कुठे ते विचारू नका. रोज सकाळी पुलावर थांबतो. धुक्यात खालचे पाणी दिसत नाही, ते बरे वाटते. शिबिर आहे तोवर ठीक आहे. त्यानंतरचे काही ठरवलेले नाही.

आमच्या हातातला कागद थरथरत होता, आणि ती थंडी नव्हती.

२००१ सालच्या डिसेंबरात आम्ही एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. नाताळ दहा दिवसांवर आला होता. गव्हाणीचा सांगाडा उभा राहिला होता, गायकमंडळाचा सराव चालला होता, विजेच्या माळेतला एक दिवा लागत नव्हता म्हणून सगळी माळ बंद होती आणि आम्ही शिडीवर उभे होतो. एक तरुण आला. वेदीसेवक म्हणून आमच्याबरोबर उभा राहिलेला, मितभाषी मुलगा. म्हणाला, "फादर, थोडं बोलायचं होतं." आम्ही शिडीवरूनच म्हणालो, "अरे, नाताळ होऊ दे. मग निवांत बसू." तो म्हणाला, "बरं." जाताना त्याने खाली पडलेली पक्कड उचलून आमच्या हातात दिली.

नाताळनंतर तो आला नाही. आम्हीच त्याच्या घरी गेलो, आणि सर्वांच्या आधी पोलीस आलेले होते.

त्या दिवशी त्याच्या आईने आम्हाला एकच विचारले, "फादर, त्याला देवळातून नेता येईल ना?" तिला तिच्या आजीच्या काळचे आठवत होते. १९१७ च्या धर्मसभा-कायद्यात जाणूनबुजून प्राण देणाऱ्यास धर्मविधीने दफन नाकारलेले होते. १९८३ च्या कायद्यात ते कलम राहिले नाही. आणि १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथाने स्पष्ट म्हटले आहे की मनाचा गंभीर आजार, तीव्र यातना वा भय यांनी माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. हे सर्व आम्ही तिला सांगितले. त्याला देवळातूनच नेले. आम्हीच मिस्सा केली. मात्र 'थोडं बोलायचं होतं' हे शब्द आम्ही तिला सांगितले नाहीत. ते सांगायला आम्हाला पुढे चार वर्षे लागली. तेव्हा ती म्हणाली, "मलापण त्याने तसंच म्हटलं होतं, फादर. मी करंज्या तळत होते." त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघे नुसते बसून राहिलो होतो.

उत्रोलीच्या त्या वर्गात आम्ही बाईंना सहा ओळींचे पान दाखवले. त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "हजेरीवहीतल्या सह्यांशी अक्षर ताडून पाहू." उपाय योग्य होता, पण आम्ही त्या मुलाला नाव न विचारण्याचा शब्द दिला होता. शब्द मोडून त्याला पकडले, तर तो पुन्हा कुणापाशी तोंड उघडेल का? आणि शब्द पाळताना तो हातचा गेला तर? सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या तासाला असे प्रश्न फळ्यावर सुटत असत. शेवटी ठरले ते असे: रात्रभर कुणी ना कुणी जागे राहायचे, शाळेच्या फाटकाकडे लक्ष ठेवायचे, आम्ही एक प्रयत्न करायचा, आणि पहाटेपर्यंत तो साधला नाही तर अक्षर ताडायचे. शब्दापेक्षा जीव मोठा.

आम्ही परत शेकोटीपाशी गेलो. गाणी थांबल्यावर म्हणालो, "आता आमचे पान वाचतो." आणि शिडी, दिव्यांची माळ, पक्कड, करंज्या हे सर्व सांगितले. सहा ओळींच्या पानाचा उल्लेखही केला नाही. शेवटी एवढेच म्हटले, "आज आमच्याकडे कसलीही माळ लावायची नाही. विस्तव विझेपर्यंत आम्ही येथेच बसणार आहोत. कुणाला थोडं बोलायचं असेल तर या."

मुले हळूहळू झोपायला गेली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. पाठ गारठत होती आणि गुडघे भाजत होते. विस्तव खाली बसला. कुणी येईना. आम्ही राखेत काडीने उगीच रेघा ओढत होतो आणि मनात देवाशी, खरे सांगतो, भांडत होतो.

बारानंतर कधीतरी एक मुलगा दोन लाकडे घेऊन आला. ती विस्तवावर ठेवून, फुंकर घालून त्याने जाळ केला आणि जरा अंतर ठेवून बसला. पुष्कळ वेळाने म्हणाला, "त्याचं नाव काय होतं?"

आम्ही नाव सांगितले.

"तो नंतर आला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

आमच्या ओठांवर दहा उत्तरे आली. दहाही सुंदर होती. ती आम्ही गिळली आणि म्हणालो, "काही म्हणालो नसतो. ऐकलं असतं."

मग तो बोलू लागला. वाचकहो, त्याने काय सांगितले ते त्याचे आहे. आम्ही एक प्रश्न मात्र सरळ विचारला: "तुला जीव द्यावासा वाटतो का?" पुष्कळांना असे वाटते की हा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो. या विषयातील जाणकार सांगतात की तसे होत नाही. उलट, ज्याच्या मनात तो आहे त्याचा भार हलका होतो. मुलाने आमच्याकडे पाहिले आणि मान हलवली. मग तो रडला. लहान मुलासारखा, बाहीने नाक पुसत. आम्ही आमची शाल त्याच्या अंगावर घातली. त्या रात्री आम्ही कोणताही उतारा वाचला नाही. प्रार्थना केली ती त्याला कळू न देता.

त्याच्या संमतीने बाईंना उठवले. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेली मानस' ही विनामूल्य सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, बोलता येते. आम्ही त्याच्या शेजारी बसून तो क्रमांक फिरवला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडच्या बाईंचा आवाज शांत होता. त्यांनी पुढील उपचारांची दिशा सांगितली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, अशा टोकाला गेलेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र तणावाखालचा माणूस म्हणून पाहिले जाते आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. हेही मुलाला सांगावे लागले, कारण त्याला पोलिसांची धास्ती होती.

सकाळी त्याचे वडील मोटारसायकलवरून आले. कानटोपी, डोळे थंडीने लाल. आम्हाला पाहून त्यांनी हात जोडले आणि विचारले, "महाराज, पोरानं काही केलं का?" आम्ही म्हणालो, "केलेलं नाही. सांगितलं आहे." बाईंनी सर्व हकिगत सांगितली. परीक्षेचे ऐकून त्यांच्या कपाळावर शीर उठली, फीच्या पैशांचे ऐकून मुठी वळल्या. पुलाचे ऐकले आणि ते ओट्यावर मटकन बसले. मुलगा दारात उभा होता. बाप त्याच्याकडे न पाहता बराच वेळ समोरच्या धुक्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हरभऱ्याला पाणी द्यायचं राहिलंय. मला एकट्याला उरकत नाही. चल." आणि डोक्यावरची कानटोपी काढून त्याने मुलाच्या डोक्यावर घातली.

या वाक्याची बरोबरी करील असे वाक्य आमच्या सर्व टिपणांत नव्हते.

पुढे काय झाले, तेही सांगतो. सर्व काही सुरळीत झाले असे नाही. मुलाचे औषध बरेच महिने चालू होते. पुण्याला डॉक्टरांकडे जायला बाप दर खेपेस सोबत येई आणि बाहेर बाकावर बसून राही. परीक्षा दिली, एक विषय राहिला. तो शिरवळला एका कारखान्यात लागला. राहिलेला विषय मागच्या वर्षी सुटला. अधूनमधून त्याचा निरोप येतो. एकदा लिहिले होते, 'आज पहिली पाळी आहे. बससाठी उभा आहे. अंधार आहे. पण तो वहीवाला म्हणत होता तसं, संध्याकाळ सुधारायला लागली असेल.'

आमच्या देशात २०२२ या एकाच वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवल्याची सरकारी नोंद आहे. आकडा वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. त्या तेरा हजारांतील किती जणांनी आदल्या आठवड्यात कुणाला तरी 'थोडं बोलायचं होतं' असे म्हटले असेल, याची नोंद कुठल्याच वहीत नसते. ती आपल्याकडे असते. कुणी शिडीवर होता, कुणी करंज्या तळत होते, कुणी दुकानाचा हिशेब लावीत होता. दोष कुणाचाच नव्हता, आणि तरीही मूल निघून गेले.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील आईबापांना आमची विनंती आहे. परीक्षेतील गुण विचारण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी मुलाला एवढेच विचारा की यंदाचा हिवाळा तुला कसा जातो आहे. उत्तर लगेच येणार नाही. पहिल्या वेळी तो 'बरा' म्हणेल. तरी बसून राहा. आणि जे उत्तर येईल ते तुमच्या आवाक्याबाहेरचे असेल, तर प्रार्थना कराच, पण डॉक्टरांकडेही जा. मोडलेल्या हाताला आपण नुसते पवित्र तेल लावत नाही.

तेव्हापासून दर डिसेंबरात गव्हाणी उभारताना आम्ही देवळाच्या बाजूचे दार उघडे ठेवतो आणि शिडीवर दुसऱ्या कुणाला तरी चढवतो. खाली एका बाकावर नुसते बसून राहतो. वारा आत येतो, कागदाचे डोंगर हलतात, मेणबत्त्या विझतात. गायकमंडळातील मुली कुरकुर करतात, "फादर, दार लावून घ्या ना, तुम्हाला थंडी नाही वाजत?"

वाजते, असे आम्ही सांगतो.